कारागिराला मागणारं गाव

बीड शहरात कंकालेश्वराच्या कुंडाकाठी उभं राहिलं, की शेजारचा माणूस थोड्या वेळानं एक वाक्य बोलतोच: आता तशी माणसं राहिली नाहीत. पाण्याच्या मधोमध उभं असलेलं मंदिर, तारकाकृती मांडणीमुळे भिंतींना पडलेले कोन, त्या कोनांवर दिवसभर सरकत राहणारं ऊन आणि मूर्ती हे सगळं पाहताना त्या वाक्याला मान डोलावण्यापलीकडे काही सुचत नाही. खजाना बावडीच्या पायऱ्यांवर हेच ऐकू येतं. आंबाजोगाईत दासोपंतांच्या, कापडावर लिहिलेल्या पासोडीचा विषय निघाला, की तिथेही हेच.

हे वाक्य मला तपासून पाहायचं आहे. आपण ते सहज बोलून जातो, पण त्यात आजच्या हातांवर ठपका असतो. पोरं आळशी झाली, सगळे पैशाच्या मागे लागले, साधना कुणाला नको आहे, असा त्याचा अर्थ. जिल्ह्याच्या चार कोपऱ्यांतल्या वस्तू, वाद्यं आणि गाणी यांचा माग काढत गेलो तसतसा हा ठपका मला अन्यायाचा वाटत गेला. हात आहेत. त्या हातांना रोज काम सांगणारं गाव कुठे गेलं, हे शोधायला हवं.

सुरुवात दगडापासूनच करू. मराठवाड्याचा काळा पाषाण घडवायला हट्टी. संगमरवरासारखा तो छिन्नीला लवकर वश होत नाही. घाव जरा तिरका बसला की ढलपी उडते आणि आठवडाभराचं काम वाया जातं. त्या दगडात बाराव्या-तेराव्या शतकातल्या कारागिरांनी आंबाजोगाईला मंदिरांमागून मंदिरं उभी केली. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याचा तिथल्या कामात मोठा वाटा. शके ११६२चा, म्हणजे इसवी सन १२४०चा तिथला एक शिलालेख वाचताना आजही गलबलून येतं. खोलेश्वराचा मुलगा राम नर्मदेकाठच्या लढाईत पडला आणि त्याची बहीण लक्ष्मी हिनं भावाच्या स्मरणार्थ मंदिर बांधवलं. त्याआधी बारा वर्षं, १२२८ साली, सकलेश्वराचं मंदिर झालं होतं. लोक त्याला बाराखांबी म्हणतात. राजाचं, सेनापतीचं, भावासाठी मंदिर बांधणाऱ्या बहिणीचं नाव आपल्यापर्यंत आलं. ते खांब कुणी तासले, हे मात्र आलं नाही.

त्या निनावी माणसांची थोडी ओळख करून घ्यायची असेल तर मंदिराकडे पाठ फिरवून गावाच्या वेशीत जावं. बीड जिल्ह्यात मारुतीच्या पारावर, ओढ्याच्या काठी, शाळेच्या कुंपणाला टेकवलेले वीरगळ सापडतात. सगळ्यांची रचना बहुधा एकच. खालच्या पट्टीत लढाई किंवा पळवलेली गुरं, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. शेंदराच्या थरांखालचा असा एक दगड मी निरखून पाहिला. घोड्याचे पाय इतके आखूड, की तो कुत्रा वाटावा. योद्ध्याची तलवार त्याच्या दंडापेक्षा जाड. दोन अप्सरांचे चेहरे एकाच साच्यातून काढल्यासारखे, आणि पूजेला बसलेला वीर कोणता नि पुजारी कोणता, हे ठरवता येत नाही. माथ्यावरची चंद्रकोर तेवढी नेमकी उतरली आहे. बहुधा ती घडवणाऱ्यानं शेकडो वेळा कोरली असावी.

हा दगड घडवणारा कंकालेश्वराच्या मूर्तिकाराचा चुलतभाऊच. आपण जुन्या काळाचं मोजमाप काढताना कंकालेश्वर धरतो आणि हा वीरगळ सोडून देतो. त्या काळात सगळेच उस्ताद होते हे खरं नाही. बेताच्या हाताचे पुष्कळ होते आणि त्या बेताच्या हातांनाही काम होतं. प्रत्येक गावाला वीरगळ हवा होता, सतीशिळा हवी होती. घराघरात जातं, पाटा, उखळ लागत होतं. नदीला घाट, वाड्याला जोतं, विहिरीला थारोळं लागत होतं. हजार हात दगडावर रोज पडत होते, म्हणून त्यांतल्या दहा हातांना देवळाचं काम जमलं आणि दहांतल्या एखाद्याला कंकालेश्वराची मूर्ती. वरचा एक हवा असेल तर खालचे हजार हवेतच.

याचा पडताळा गुजरातेत मिळतो. सोमनाथाचं नवं मंदिर प्रभाशंकर सोमपुरा यांनी रचलं आणि ११ मे १९५१ रोजी तिथे प्राणप्रतिष्ठा झाली. अयोध्येच्या मंदिराचा आराखडा त्यांचेच नातू चंद्रकांत सोमपुरा यांचा. मंदिरं बांधणाऱ्या अशा घराण्यांची विद्या टिकली, कारण पश्चिम भारतात जैन आणि वैष्णव मंदिरांचं बांधकाम आणि डागडुजी कधी पुरती थांबलीच नाही. बापाच्या हाताखाली मुलगा काम करत राहिला. मराठवाड्यात तेराव्या शतकानंतर हा धागा तुटत गेला. पाथरवट किल्ल्यांकडे, वाड्यांकडे, बारवांकडे वळले. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार केला तेव्हा इथल्या दगडाला पुन्हा मोठं काम मिळालं. त्यानंतर पाथरवटाकडे उरले पाटे-वरवंटे. पाट्याला टाकी लावायची का, अशी हाळी देत गल्लीतून फिरणाऱ्या बाया माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असतील. मिक्सर आला आणि ती हाळीही बंद झाली. आता जिल्ह्यात कुठे दगडी मंदिराचं काम निघालं तर घडवणारे हात राजस्थानातून, कर्नाटकातून नाहीतर तमिळनाडूतून येतात. येणारे उत्तम काम करतात, त्यांना दोष नाही. पण ते काम संपवून परत जातात आणि गावात एकही नवी छिन्नी मागे राहत नाही.

बीडच्या दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर खजाना बावडी आहे. अहमदनगरच्या मूर्तझा निजामशाहाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधवली. इथे मात्र कर्त्या कारागिराचं नाव टिकलं आहे: राजा भास्कर. वर्तुळाकार विहीर, आत उतरणाऱ्या पायऱ्या आणि जमिनीखालचे तीन बोगदे. दोनांतून पाणी आत येतं आणि तिसऱ्यातून उत्तरेकडे निघून शेतांवर जातं. मोट लागत नाही, रहाट लागत नाही, पंप तर नाहीच. सगळं काम जमिनीच्या उताराचं. सुमारे २१२ हेक्टर भिजवण्याची तिची क्षमता सांगितली जाते. दुष्काळातही तिचं पाणी हटत नाही, ही बीडकरांची श्रद्धा आहे. या जिल्ह्यानं दुष्काळ इतके पाहिले आहेत, की अशी श्रद्धा उगाच तयार होत नाही.

भास्कराच्या बरोबरीचा माणूस आज आहे का? माझं उत्तर असं, की ज्ञानाच्या बाबतीत भास्करापेक्षा सरस माणसं आज प्रत्येक तालुक्याला बसलेली आहेत. उतार मोजायला त्यांच्याकडे यंत्रं आहेत, भूजलाचे नकाशे आहेत, उपग्रहाची चित्रं आहेत. खडकाच्या कुठल्या थरात पाणी मुरतं आणि कुठल्या थरावरून वाहून जातं हे आपल्याला त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक नेमकं कळतं. तरीही साडेचारशे वर्षांत दुसरी खजाना झाली नाही, कारण दुसरी कुणी मागितली नाही. आज मागणी आहे बोअरची, आणि बोअरवाल्याचा हिशेब फुटावर चालतो. जितकं खोल जाल तितके पैसे. ज्याच्या वावरात बोअर, पाणी त्याचं. खजाना बावडीचं पाणी वाहत जाऊन दुसऱ्याच्या शेतात पोचतं, आणि अशा पाण्यासाठी एकट्या शेतकऱ्यानं पैसे का द्यावेत? तो देणार नाही, त्याचं चुकतही नाही. असं काम गावानं किंवा सत्तेनं मागायचं असतं. आपण वैयक्तिक विहीर मागितली, वैयक्तिक शेततळं मागितलं, ते मिळालं. इंजिनीअरची बुद्धी आपण जे मागितलं त्याच्यावरच खर्च झाली.

इथवरचा हिशेब निराशेचा वाटला असेल. आता ज्या कलेत बीड जिल्हा आजही कुणाला हार जाणार नाही, तिच्याकडे येतो.

आंबाजोगाई तालुक्यात आपेगाव नावाचं गाव आहे. पैठणजवळचं, ज्ञानदेवांच्या पूर्वजांचं आपेगाव वेगळं. हे आपेगाव पखवाजाचं. शंकरबापू आपेगावकर इथले. वारकरी कीर्तनाच्या साथीतून वाढलेला हा माणूस ध्रुपदाच्या मंचापर्यंत गेला आणि सरकारनं पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. त्यांचे चिरंजीव उद्धवबापू आपेगावकर यांनी तोच बाज पुढे नेला, नवे शिष्य घडवले. दिल्ली-मुंबईच्या सभेत बसलेल्या रसिकाला ही एका घराण्याची गोष्ट वाटते. मला ती एका जिल्ह्याची वाटते. का, ते सांगण्यासाठी एखाद्या गावाच्या सप्ताहात बसावं लागेल.

हरिपाठ संपलेला असतो, कीर्तन सुरू व्हायला वेळ असतो. मांडवात बाया-माणसं जागा धरत असतात. व्यासपीठाच्या कडेला पखवाजी मांडी घालून बसतो आणि शेजारच्या वाटीतला कणकेचा गोळा घेतो. पाण्याचा हात लावून तो मळतो आणि पखवाजाच्या डाव्या तोंडावर, मधोमध, भाकरी थापावी तसा थापतो. मग एक थाप. कान वाकडा करून ऐकतो. थोडी कणीक काढतो, पुन्हा थाप. खर्ज जडावला पाहिजे पण बुडता कामा नये. उजवीकडे शाईची पुडी. लोखंडाचा कीस मिसळून थरावर थर चढवत घोटलेली ती काळी चकती टाळांच्या गजरातही टणत्कार देत राहते. वादीखालचे लाकडी गठ्ठे तो हातोडीनं खाली-वर सरकवतो. पेटीवाला षड्ज धरून ठेवतो आणि पखवाज सुरात येतो. नऊ-दहा वर्षांचं एखादं पोर हे सगळं डोळे न मिटता पाहत बसलेलं असतं. कणीक कोरडी पडली की पाण्याचं भांडं पुढे सरकवणं हे त्याचं काम. त्याची शाळा इथेच भरते.

सप्ताह म्हणजे सात दिवस. पहाटे काकडा, मग पारायण, दुपारी भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. या सगळ्याला पखवाज लागतो आणि एकटा माणूस पुरत नाही. मुख्य वादक थकला की दुसरा बसतो, पहाटेच्या काकड्याला तिसरा, आणि कुणीच उठलं नाही तर त्या पोराच्या पुढ्यात पखवाज येतो. चुकलं तर टाळकरी मान वर करून बघतात, एखादा म्हातारा बसल्या जागेवरून हातानं ताल दाखवतो. आठ मात्रांचा भजनी ठेका तासन्‌तास धरून ठेवायचा, गायक पावलीला गेला की त्याच्याबरोबर चढायचं, तो थांबला की त्याच्याआधी थांबायचं. शहरातला विद्यार्थी ज्याला रियाज म्हणून खोलीत बसून करतो, ते हे पोर माणसांनी भरलेल्या मांडवात करतं, आणि त्याचा चुकलेला हात ओळखणारे कान समोरच बसलेले असतात.

असे सप्ताह बीड जिल्ह्यात गावोगाव होतात. नारायणगड, गहिनीनाथगड आणि सीमेवरच्या भगवानगडाच्या नारळी सप्ताहांना तर माणसांचा समुद्र लोटतो. शिकायचं मनावर घेतलेली पोरं पुढे आळंदीला जातात. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली, त्यानंतर तशा छोट्या-मोठ्या संस्थांनी आळंदी भरून गेली. तिथून परतलेला पोरगा पखवाज घेऊन गावोगाव फिरतो. बिदागी ठरते, मोबाईलवर तारखा लागतात. या सगळ्यांतले बहुसंख्य वादक बेताचे असतात. वेशीतला तो वीरगळ घडवणाऱ्यासारखे. त्यांच्या खांद्यावर शंकरबापू उभे राहिले.

आजचा पखवाजी जुन्याच्या तोडीचा आहे का, याचं उत्तर इथे कानांनी देता येतं. एकोणिसाव्या शतकातल्या नाना पानसे यांच्याविषयी आपण खूप ऐकलं आहे. वाई भागातून निघून इंदूरच्या दरबारात पोचलेला, स्वतःचं घराणं निर्माण करणारा हा थोर वादक. पण त्यांचा हात आपण ऐकलेला नाही, त्यांची कीर्ती ऐकली आहे. शंकरबापूंचा हात मात्र ध्वनिमुद्रणातून ऐकता येतो, आणि त्याच्याशेजारी आजच्या चांगल्या वादकाचा हात ठेवता येतो. माझ्या कानाला परणांच्या बांधणीत, रेल्याच्या स्वच्छतेत आजचे चांगले वादक कुठेही कमी पडत नाहीत. कमी पडतात ते थांबण्यात. ध्वनिक्षेपक आणि मोबाईलचे कॅमेरे आल्यापासून मांडवातला पखवाजही गर्दीला दाखवण्यासाठी वाजू लागला आहे. कीर्तनकाराचा शब्द पूर्ण होण्याआधीच हात सुटतो, टाळ्या मिळतात आणि ओवी बुडते. वाद्यही बदललं. वादी आणि गठ्ठ्यांच्या जागी नटबोल्ट आले, पान्यानं सूर लागतो. प्रवासाला ते सोयीचं आहे आणि गरीब वादकाला परवडतं, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण गठ्ठे ठोकताना सूर शोधण्याची जी सवय कानाला लागायची, ती पान्यानं लागते असं मला वाटत नाही. मुलींचं म्हणाल तर पखवाज घेऊन बसणाऱ्या मुली आता दिसू लागल्या आहेत. गावानं त्यांच्या हातात पहाटेचा काकडा दिला, तर पुढचं नाव त्यांच्यातूनही येईल.

याच्या उलट टोकाला बीडची छागल. निजामाच्या राजवटीत बीड हे गाव दोन वस्तूंसाठी ओळखलं जाई. एक छागल, म्हणजे पाणी वाहून नेण्याची कातड्याची पिशवी, आणि दुसरी गुप्ती, म्हणजे काठीत लपवलेलं पातं. इंग्रजांच्या गॅझेटिअरनं या दोन्हींची नोंद केली. गुप्ती गेली त्याचं दुःख करण्याचं कारण नाही. छागलीचं मात्र वाईट वाटतं. पाणी गळणार नाही इतकी घट्ट शिवण आणि तरीही बाहेरून ओलसर राहून वाऱ्यानं आतलं पाणी गार करणारं कातडं, हे कमावण्याचं आणि शिवण्याचं तंत्र पिढ्यांनी बसवलेलं होतं. आधी थर्मास आला, मग प्लॅस्टिकची बाटली, मग जार. छागल संपली. ती शिवणाऱ्यांच्या घरातला नातू आज कुशल नाही असं कोण म्हणेल? त्याच्या हातात कदाचित कोयता असेल. दसरा झाला की या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. वर्षातले सहा-सहा महिने फडावर गेले, तर घरच्या कसबाचा हात कधी बसायचा? साधना उरली नाही म्हणणाऱ्यांनी या सहा महिन्यांचा हिशेब आधी मांडावा.

ओवीचंही असंच झालं. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या मोठ्या संग्रहाचा त्या भाग आहेत. बाबासाहेबांवरच्या, बुद्धावरच्या त्या ओव्या ऐकताना जाणवतं, की शब्द बसवण्याची ही ताकद कुठल्याही पोथीतल्या कवीच्या तोडीची आहे. त्या बायांना कुणी कवी म्हटलं नव्हतं. पहाटे दळण होतं, म्हणून ओवी होती. जात्याच्या फेऱ्याला शब्दाची जोड लागायची आणि रोज नवी ओवी सुचायची. गिरणी आली, बायांचे खांदे सुटले. ही आनंदाचीच गोष्ट आहे. दळणाचे कष्ट परत यावेत असं म्हणणारा माणूस कधी जात्यावर बसलेला नसतो. पण दळणाबरोबर ओवीचा रोजचा कारखानाही बंद पडला आणि त्याच्या जागी दुसरं काही उभं राहिलं नाही.

आणि दासोपंत? इथे माझी मांडणी अडते, हे मान्य केलं पाहिजे. आंबाजोगाईच्या या सत्पुरुषाचा काळ १५५१ ते १६१५. गीतार्णव हा त्यांचा ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा म्हणून सांगितला जातो. त्यांची पदं रागतालात बांधलेली. आणि पासोडी तर जगावेगळी. सुमारे चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद जाडंभरडं कापड, त्यावर पंचीकरणाचं विवेचन, सोळाशेच्या आसपास ओव्या. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आंबाजोगाईत अजून सांगतात. कापडावर बोरूनं लिहायचं म्हणजे शाई पसरण्याआधी हात उचलायचा, धाग्याच्या गाठीवर बोरू अडखळला तरी अक्षर मोडू द्यायचं नाही, आणि चुकलेलं खोडायला जागाच नाही. ही पासोडी कुणी मागितली होती? कुणी नाही. त्यांना लिहायचं होतं म्हणून त्यांनी लिहिलं. एखादा माणूस मागणीच्या पलीकडे निघून जातो, त्याला कुठला हिशेब लागू पडत नाही. पण ओवी त्यांना घडवावी लागली नव्हती, हेही लक्षात घ्यावं. ती आधीच प्रत्येक जात्यावर, प्रत्येक कीर्तनात वाहत होती. त्या वाहत्या पाण्यात त्यांनी उडी घेतली.

शेवटी विटेकडे येतो, कारण तिच्याबाबतीत काहीतरी करता येण्यासारखं आहे.

माजलगाव तालुक्यात गोदावरीकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक महिन्यात, आपल्या धोंड्याच्या महिन्यात, इथे राज्यभरातून माणसं येतात. इथेच रामचंद्र यादवाचा शके १२३२चा, म्हणजे १३१०चा ताम्रपट सापडला. वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. देवगिरीचं राज्य बुडण्याच्या उंबरठ्यावरचा हा दस्तऐवज. इथल्या मंदिराची ख्याती मात्र त्याच्या विटांसाठी. पाण्यात टाकली तर तरंगणारी वीट. अशाच हलक्या विटा २०२४ मध्ये आंबाजोगाईच्या सकलेश्वर मंदिराच्या परिसरात राज्य पुरातत्त्व विभागानं केलेल्या उत्खननात मिळाल्या. दोन मंदिरांच्या पायांचे अवशेषही त्या वेळी उजेडात आले. तेलंगणातल्या पालमपेटचं रामप्पा मंदिर, ज्याला २०२१ साली युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं, त्याचं शिखरही तरंगणाऱ्या विटांचं. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हिअसनं दोन हजार वर्षांपूर्वी आशिया मायनरमधल्या पिटाने इथल्या आणि स्पेनमधल्या अशा विटांची नोंद करून ठेवली आहे.

यात चमत्कार नाही, कसब आहे. साधी वीट पाण्याच्या दीडपट ते जवळजवळ दुप्पट जड. काळा पाषाण जवळजवळ तिप्पट. मातीत भुशासारखं काही मिसळून वीट भाजली, की ते जळून जातं आणि मागे हवेच्या पोकळ्या राहतात. पोकळ्या जास्त झाल्या तर वीट भुगा होते, कमी झाल्या तर बुडते. मिश्रण, सुकवण आणि आच यांचा मेळ बसवून ती तरंगेल आणि वजनही पेलेल अशी करणं, इथे उस्तादाचा हात लागतो. खालच्या भिंती दगडाच्या आणि वरचा भाग या विटेचा केला, की माथ्यावरचं ओझं निम्म्याहून कितीतरी कमी होतं. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी इथली काळी जमीन पाहता, त्या गवंड्यांनी हे जमिनीचा स्वभाव ओळखूनच केलं असावं, असा माझा तर्क आहे.

पाण्यावर तरंगणारा ठोकळा आज कारखान्यात बनतो. शंभर वर्षांपूर्वी स्वीडनमध्ये शोध लागलेले एएसी ब्लॉक आता तालुक्याच्या बांधकामांवरही दिसतात. तेव्हा वजनाची शर्यत आपण जिंकलेलीच आहे. पण जुन्या मंदिराच्या शिखराची पडलेली वीट बदलायची असेल तर हा ब्लॉक चालत नाही. तो पाणी शोषतो, त्याला गिलावा लागतो, जुन्या चुन्याशी आणि जुन्या विटेशी त्याचं जमत नाही. तिथे तशीच भाजलेली मातीची वीट हवी.

आणि वीट भाजणारे हात तर बीड जिल्ह्याकडे भरपूर आहेत. परळीला औष्णिक वीज केंद्र आहे. १९७१ साली सुरू झालेल्या त्या केंद्राच्या राखेवर परळी परिसरातला वीटभट्ट्यांचा मोठा धंदा उभा आहे. मातीत किती राख मिसळली की वीट हलकी होते, किती झाली की कोपरे झडतात, भट्टीच्या कुठल्या थरात कच्ची राहते आणि कुठल्या थरात खंगर होते, हे तिथले थापणारे आणि भट्टी लावणारे नजरेनं सांगतात. पुरुषोत्तमपुरीच्या कारागिराला जे ठाऊक होतं त्याचा निम्मा भाग या माणसांना रोजच्या कामातून ठाऊक आहे. उरलेला निम्मा शोधायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही. हजारी भावानं वीट विकणाऱ्याकडे प्रयोगाला वेळ नसतो, आणि जीर्णोद्धाराची निविदा निघते ती सगळ्यात कमी दर भरणाऱ्यासाठी.

म्हणून माझं मागणं साधं आहे. जिल्ह्यातल्या जुन्या मंदिरांच्या दुरुस्तीवर सरकार जो पैसा खर्च करतं, त्यातला छोटासा वाटा परळीच्या दोन-तीन भट्टीवाल्यांकडे वळवावा. जुन्या विटेचा एक तुकडा त्यांच्या हातात द्यावा, आंबाजोगाईच्या किंवा संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला एखादा प्राध्यापक वजन आणि ताकद मोजायला सोबत द्यावा, आणि पाचशे तरंगत्या विटांची ऑर्डर आगाऊ पैसे देऊन नोंदवावी. पहिल्या कित्येक खेपा बुडतील, फुटतील. त्यांचेही पैसे द्यावेत. पुढच्या वर्षी पुन्हा पाचशे मागाव्यात, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा.